एकोणचाळीस गाळण्या

“ऐकलंत का माई, कोपऱ्यावरच्या काकूंनी हळदीकुंकवाला गाळण्या आणल्या. स्टीलच्या. ३९!”

“३९ कशा?” माईंनी विचारलं. नवल त्यांना गाळण्यांचं नव्हतं, आकड्याचं होतं.

माई म्हणजे आमच्या शेजारच्या. मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. जानेवारीत त्या भिंतीवर त्यांचा हरभऱ्याचा डहाळा असतो आणि माझा चहा. घाटे सोलून सोलून बोटं आंबट होतात, तीच बोटं मग बशीला लागतात. अख्ख्या सांगलीत यापेक्षा बरी बैठक मला ठाऊक नाही.

“कशा म्हणजे? भिशीत २२ बायका, भजनी मंडळात १७. दोन्ही मंडळांना बोलावणं आहे. झाल्या ३९.”

“आणि दोन्हीकडे जाणाऱ्या?”

मी बोटांवर मोजलं. पेटीवाल्या बाई, डॉक्टरीणबाई, आमच्या जाऊबाई, पिवळ्या बंगल्यातल्या सासवा-सुना दोघी, असं करत करत आठ निघाल्या.

“म्हणजे या आठजणी काकूंनी भिशीत मोजल्या आणि भजनातही मोजल्या. येताना मात्र त्या एकदाच येणार, एकच साडी नेसून. २२ आणि १७, ३९. त्यातून आठ काढल्या की ३१. काकूंच्या आठ गाळण्या उरणार.”

“उरल्या तर काय, पुढच्या वास्तुशांतीला आहेर म्हणून फिरतील,” मी म्हटलं. काकूंच्या घरातून गेलेली वस्तू काकूंच्याच घरी परत आल्याचं उदाहरण कॉलनीत सर्वांना तोंडपाठ आहे. तो विषय निघाला की तास जातो, म्हणून इथे सोडते.

माईंनी माझा कप उचलला आणि भिंतीवर टेकवला. सिमेंटवर ओला गोल उमटला. थोडा सरकवून परत टेकवला. दुसरा गोल उमटला, पहिल्याच्या पोटात शिरलेला. “ही भिशी, हे भजन. मधे ही फोड दिसते ना, ती आपल्या आठजणींची. भिशीच्या गोलात फोडीबाहेर १४ राहिल्या, भजनाच्या गोलात नऊ. १४, आठ आणि नऊ, ३१. आता कॉलनीत बायका किती? ४०. म्हणजे या दोन्ही गोलांच्या बाहेर नऊजणी. त्यांना बोलावणं गेलंय का?”

गेलं नव्हतं. त्या नऊजणींत नवी भाडेकरीण होती, आणि मागच्या संक्रांतीला काकूंशी पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद झालेल्या एक बाई होत्या. पण माईंना तो भाग नको होता.

“समज, पहिला उखाणा कोणी घ्यायचा यासाठी ४० चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. भिशीतली किंवा भजनातली बाई निघण्याची शक्यता किती? ३१ भागिले ४०. काकूंच्या हिशेबानं ३९ भागिले ४०, म्हणजे जवळजवळ खात्रीच. दहावीच्या पोरांचं बरोबर इथंच घोडं अडतं. पत्त्यांचा प्रश्न असतो, ५२ पानांतून एक ओढलं तर ते बदामाचं किंवा राजा असण्याची शक्यता सांगा. पोरं १३ बदाम घेतात, चार राजे घेतात, १७ लिहून मोकळी होतात. बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला हे ध्यानातच येत नाही. उत्तर १६ भागिले ५२. रमी खेळणाऱ्याच्या पोराला हे पटकन कळायचं हो. भक्तिमार्गातल्या घरातल्यांना वेळ लागायचा.”

नववीच्या पुस्तकात संच येतात, दहावीच्या पुस्तकात संभाव्यता, आणि मधे मे महिन्याची सुट्टी. माईंचं म्हणणं, त्या सुट्टीत दोन धड्यांमधला धागा तुटतो. पोरांना ‘दोन्ही संचांची बेरीज वजा छेदाची संख्या’ हे नववीत पाठ असतं, दहावीत तेच सूत्र शक्यतेच्या वेषात समोर आलं की ओळखता येत नाही.

“हे गोल काढायचं कोणी शोधलं?” मी विचारलं. मला खरं तर नव्या भाडेकरणीबद्दल बोलायचं होतं, पण माईंना आधी थोडं रानात चरू द्यावं लागतं.

“तर्कशास्त्रासाठी गोल काढणारे आधीही होते. ऑयलरनं एका जर्मन राजकन्येला पत्रांतून शिकवताना काढलेत. पण नाव लागलं ते जॉन वेनचं. केंब्रिजचा, १८८० सालचा त्याचा लेख. त्याच्या कॉलेजात जेवणाच्या दालनाच्या खिडकीला रंगीत काचांचे तीन गोल बसवलेत त्याच्या आठवणीला. आणि तुला आवडेल अशी गोष्ट सांगू? त्यानं चेंडू टाकायचं यंत्र बनवलं होतं. १९०९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ केंब्रिजला आला, तेव्हा त्या यंत्रानं त्यांच्या एका चांगल्या फलंदाजाच्या दांड्या चार वेळा उडवल्या म्हणतात.”

गणिताच्या माणसाबद्दल इतकी कामाची माहिती मला शाळेत कोणी दिली असती तर माझे मार्क वेगळे पडले असते.

“बरं, त्या आठजणींवरून आठवलं,” मी परत रुळावर आले. “पेटीवाल्या बाई परवा म्हणत होत्या, भजनातल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं मन भिशीत असतं, म्हणून ताल चुकतो. ते भिशीच्या खजिनदारीणबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, काहीतरीच, आमच्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जराच जास्त बायका भजनाला जातात. दोघींत आता जुंपलीय. खोटं कोण बोलतंय?”

“कोणीच नाही. भजनातल्या १७ पैकी आठ भिशीत, म्हणजे शंभरी ४७. भिशीतल्या २२ पैकी आठ भजनात, म्हणजे शंभरी ३६. बायका त्याच आठ. कोणाच्या अंगणात उभी राहून मोजतेस त्यावर आकडा बदलतो. ‘भजनातली बाई भिशीत असण्याची शक्यता’ आणि ‘भिशीतली बाई भजनात असण्याची शक्यता’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पण भांडणात दोन्ही एकच वाटतात.”

मी मनात नोंद केली, हे दोघींनाही सांगायचं नाही. भांडण मिटलं तर मग ऐकायला काय उरणार?

तेवढ्यात समोरच्या आजींची सून फाटकातून आत आली, साबुदाणा उसना मागायला. महिन्याचा साबुदाणा मोजून आणला होता, तरी संपला. आजींचे उपवास म्हणजे सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. सून म्हणाली, “चार सोमवार, दोन एकादश्या, एक संकष्टी, सात दिवसांचं आणलं होतं. या महिन्यात सोमवारच पाच आले.”

“आणि पुढल्या महिन्यात संकष्टी सोमवारीच आली तर उरेलही,” माई म्हणाल्या. “तू सोमवार आणि तिथ्या बेरजेला घेतेस, पण सोमवारी एकादशी आली तर तो दिवस एकच. संकष्टी आणि एकादशी मात्र बिनधास्त बेरजेला घे, वजा काही करायचं नाही. एक वद्य चतुर्थी, एक अकरावी तिथी. स्मार्त-भागवताचा घोळ सोडला तरी या दोघी एका दिवशी येणं नाही.”

साबुदाणा घेऊन सून गेली. (वाटी शीग न लावता सपाट भरून दिली माईंनी, हे मी पाहिलं. मागच्या वेळी परत आली होती ती वाटी निम्मी होती.)

“म्हणजे संकष्टीचा आणि एकादशीचा एकमेकींशी काही संबंध नाही,” मी म्हटलं.

माई एकदम वर्गात गेल्या. “इथेच! सगळा घोटाळा इथेच. संबंध नाही कसा? आज संकष्टी आहे म्हटल्यावर आज एकादशी नाही हे पंचांग न बघता सांगता येतं. एकीनं दुसरीची बातमी पुरती सांगून टाकली. याला संबंध नाही म्हणतात होय? संबंध नाही कोणाचा, तर वाराचा आणि तिथीचा. आज सोमवार आहे एवढं कळलं तर आज संकष्टी असण्याची शक्यता वाढतही नाही, घटतही नाही. होती तेवढीच राहते, साधारण तिसांत एक. आणि ज्यांचा संबंध नाही ते भेटतात की! न भेटते तर मंगळवारी संकष्टी कधी आलीच नसती, अंगारकी नावाची गोष्टच नसती, आणि आपल्या गणपतीच्या देवळापुढे ती रांगही नसती. वर्षात संकष्ट्या बारा-तेरा, वार सात. म्हणून वर्षात अंगारकी कधी एक, कधी दोन, क्वचित तीन.”

हे मला खरोखर आवडलं. आपण ‘त्यांचं पटत नाही, ती कधी एकत्र दिसत नाहीत, म्हणजे त्यांचा काही संबंध नाही’ असं सरसकट बोलतो. कॉलनीत मात्र उलटच असतं. ज्या दोघी एकमेकींना हटकून टाळतात, त्यांच्यात काय शिजलंय ते शोधायला सगळ्या धावतात.

“टाळण्यावरून आठवलं,” मी कपातला चहा संपवला. “वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. भाडेकरणीचा भाऊ. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, रात्री दोनपर्यंत दिवा. कोणाकडे बघत नाही. दूधवाला म्हणतो बँकेत आहे. पण काकूंना खात्री आहे, बँकेत असेल आणि कविता करत असेल. नुसता बँकेतला माणूस असा दिसतच नाही म्हणे.”

“काकू म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशींपैकी एक.”

“त्या पंच्याऐंशी कोण?”

“अगं, १९८३ मध्ये काहनेमान आणि ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हाच खेळ लोकांना घातला. लिंडा नावाची बाई रंगवली. वय ३१, लग्न झालेलं नाही, हुशार, तोंडावर बोलणारी, तत्त्वज्ञान शिकलेली, कॉलेजात असताना मोर्चांत जाणारी. मग विचारलं, यांतलं जास्त संभवनीय काय? लिंडा बँकेत कारकून आहे हे, की बँकेत कारकून आहे आणि स्त्री-चळवळीत आहे हे? ८५ टक्के लोकांनी दुसरं सांगितलं.”

“बरोबरच आहे की. वर्णनच तसं आहे.”

“परत गोल बघ.” माईंनी कप उचलला, पण तळ कोरडा झाला होता. मग त्यांनी बोट बुडवून ओल्या बोटानंच गोल काढले. “हा बँकेतल्या माणसांचा गोल. हा कवींचा. बँकेतले कवी कुठे? मधल्या फोडीत. ती फोड बँकेच्या गोलापेक्षा मोठी कशी होईल? जो बँकेत आहे आणि कविता करतो, तो बँकेत आहेच ना! ‘आणि’ जोडलास की शक्यता उतरते किंवा जास्तीत जास्त तेवढीच राहते. वाढत कधी नाही. शबनम असो नाहीतर डोक्यावर पागोटं असो.”

मी गप्प बसले नाही. “पण माई, ‘तो बँकेत आहे’ असं कोणी म्हटलं आणि लगेच शेजारी ‘बँकेत आहे आणि कविता करतो’ असं म्हटलं, तर ऐकणारा पहिल्याचा अर्थ ‘नुसता बँकेत, कविताबिविता काही नाही’ असाच घेणार. बोलण्याची रीतच तशी आहे.”

“हा आक्षेप पुष्कळ पंडितांनी घेतलाय,” माई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला मार्क दिल्याचा सूर होता. “तो काही अंशी खराही आहे. पण सगळा दोष तिथं टाकता येत नाही. प्रश्न उलटसुलट करून विचारला तरी पुष्कळजण तिथंच पडतात. कारण गोष्ट भरीव झाली की खरी वाटते. तू बघ ना, ‘सून माहेरी गेली’ ही बातमी कोणी पुढे नेत नाही. ‘सून माहेरी गेली, सासूनं पाटल्या मागितल्या म्हणून, आणि जाताना मिक्सर घेऊन गेली’ ही बातमी संध्याकाळपर्यंत शेवटच्या गल्लीत पोचते. प्रत्येक ‘आणि’ला ती खरी असण्याची शक्यता उतरत गेली, आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास चढत गेला.”

मिक्सरचं मला माहीतच नव्हतं. ते कोणाच्या घरातलं, हे मी विचारलं. माईंनी उदाहरण होतं म्हणून उडवून लावलं. माझा विश्वास बसलेला नाही.

काहनेमानला पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की त्याआधीच वारला होता. पण या सगळ्या गोलांच्या गोष्टींत माईंचा जीव ज्या गोष्टीवर आहे ती निराळीच. २६ जानेवारीला कॉलनीत रक्तदान शिबिर आहे, मिरजेहून रक्तपेढीची गाडी येणार आहे, त्याचा फलक नेमका माईंच्या फाटकाला बांधलाय. त्यावरून विषय निघाला.

“तुझा गट कुठला?”

“बी.”

“म्हणजे तुझ्या लाल पेशींवर बी नावाची खूण आहे, ए नावाची नाही. ए गटाच्या माणसाच्या पेशींवर फक्त ए. एबीवर दोन्ही. ओवर दोन्हींतली एकही नाही. व्हिएन्नाच्या लँडस्टायनरनं १९०१ मध्ये यांतले एबी सोडून बाकीचे गट दाखवले. त्याचं नोबेल १९३० मध्ये आलं. आता बघ, हे तेच दोन गोल आहेत. ए खुणेचा गोल, बी खुणेचा गोल, मधली फोड एबी, बाहेर ओ. हिशेबाला सोपं जावं म्हणून शंभर माणसं धरू. ए २४, बी ३२, एबी आठ, ओ ३६. आपल्याकडचं प्रमाण या आसपासच असतं. बी आणि ओ जास्त, एबी सगळ्यांत कमी.”

सगळं ओघात सांगत होत्या, हातातले घाटे तसेच.

“ए खूण असलेले किती? २४ आणि आठ, ३२. बी खूण असलेले ३२ आणि आठ, ४०. दोन्ही मिळून ३२ आणि ४०, त्यातून आठ वजा, ६४. उरले ३६, ते ओ. इथवर तुझ्या गाळण्याच झाल्या. पुढे गंमत आहे. त्या काळी लोक धरून चालले होते की ए खूण आईबापांकडून येण्याची व्यवस्था वेगळी आणि बी येण्याची वेगळी. एकीचं दुसरीशी देणंघेणं नाही. सोमवार आणि संकष्टीसारखं. तसं असेल तर ए वाल्या ३२ जणांतही बी खूण शंभरी ४० जणांनाच असायला हवी. ३२ चे ४० टक्के किती?”

“बारा... पावणेतेरा.”

“१२.८. म्हणजे एबी गटाचे जवळजवळ १३ हवेत. आहेत आठ. फोड हवी त्याहून लहान! आणि हे एका गावात झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. देशोदेशी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला लोकांनी रक्तगट मोजून ठेवले होते. सगळीकडे फोड लहानच. जर्मनीत ग्योटिंगेनला फेलिक्स बर्नस्टाइन नावाचा माणूस होता. डॉक्टर नाही बरं, गणिती. संचांच्या सिद्धांतात कॅन्टरच्या जोडीनं ज्याचं नाव एका प्रमेयाला लागलंय तो. ते प्रमेय त्यानं विद्यार्थी असतानाच सिद्ध केलं. त्यानं १९२४ मध्ये हे आकडे बघितले आणि म्हणाला, दोन वेगळ्या जागा नाहीतच. जागा एकच, तिथं तीनपैकी एक चिठ्ठी बसते, ए, बी किंवा ओ. आईकडून एक चिठ्ठी, बापाकडून एक. जागेसाठी ए आणि बी यांची आपापसात चुरस आहे, म्हणून फोड लहान.”

“हे नुसत्या आकड्यांवरून?”

“ताळा करून बघ. ओ गट व्हायला दोन्ही चिठ्ठ्या ओच्या हव्यात. शंभरात ३६ ओ, म्हणजे ओ चिठ्ठी शंभरी ६०, कारण ०.६ गुणिले ०.६ बरोबर ०.३६. ए गटाला ए-ए चालतं, ए-ओ चालतं. त्यावरून ए चिठ्ठी निघते शंभरी साडेसतरा, बी चिठ्ठी साडेबावीस. तिन्ही मिळून शंभर भरले. आता एबी व्हायचं तर आईची ए आणि बापाची बी, किंवा आईची बी आणि बापाची ए. ०.१७५ गुणिले ०.२२५, त्याची दुप्पट. ०.०७९. शंभरात आठ!”

आकडे त्यांनी डहाळा बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, माझ्याच पेन्सिलीनं मांडले. मी ते घरी आणून कॅल्क्युलेटरवर तपासले. बरोबर आहेत.

“आणि नुसतं आकड्यांचं नव्हे,” माई म्हणाल्या. “जुन्या समजुतीनं एबी आईच्या पोटी ओ गटाचं मूल येऊ शकत होतं. बर्नस्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे ते सहसा शक्य नाही, कारण एबी आईकडे द्यायला ओ चिठ्ठीच नाही. जन्मलेल्या पोरांचे गट नीट तपासले, त्याचं म्हणणं खरं ठरलं. पुढे कोर्टात बापाची भांडणं सुटायला लागली या हिशेबावर. हिटलरच्या राज्यात मात्र ज्यू म्हणून त्याला नोकरी आणि देश दोन्ही सोडावं लागलं. पुढं अमेरिकेत राहिला.”

“सहसा शक्य नाही म्हणालात. सहसा का?”

“बाहेरच्या ओ लोकांतही सगळे एका जातीचे नसतात ना. १९५२ मध्ये मुंबईत डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतं, पण ओ रक्तही त्याला चालत नाही. ज्या पायावर ए आणि बीच्या खुणा उभ्या राहतात, ती एच नावाची खूणच त्यांच्यात नाही. घरात ए चिठ्ठी असली तरी ती दिसणार कशी, पायाच नाही तर? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नाव पडलं बॉम्बे ब्लड ग्रुप. आपल्या देशात दहा हजारांत एखादा. त्याला रक्त लागलं तर त्याच गटाचा दाता हुडकावा लागतो. म्हणून मी पोरांना सांगायची, दोन्ही गोलांच्या बाहेर राहिलेल्यांना ‘इतर’ म्हणून एका पोत्यात भरू नका.”

काकूंनी न बोलावलेल्या नऊजणी मला आठवल्या, पण मी बोलले नाही. माईंना ते आधीच सुचलेलं असणार.

एवढ्यात शिबिराचा कर्ताधर्ता, तरुण मंडळाचा अध्यक्ष, स्वतःच फाटकाशी आला. फलक सैल झाला होता तो ओढून बांधायला. भारी उत्साही पोरगा. त्यानं आम्हाला ऐकवलं, की आपल्या कॉलनीतल्या महिलांकडून २८ बाटल्या नक्की. कशावरून, तर मागच्या महिन्यात आरोग्य तपासणी झाली होती. तिचा कागद त्याच्या खिशात होता. नावं नव्हती, नुसत्या बेरजा. ४० महिलांपैकी वय अठरा ते पासष्टमध्ये बसणाऱ्या ३०, वजन ४५ किलो किंवा वर असणाऱ्या ३६, हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर असणाऱ्या २८.

“सगळ्यांत लहान आकडा २८, म्हणून २८,” तो म्हणाला.

“तो जास्तीत जास्त,” माई म्हणाल्या. “कमीत कमी किती ते काढलंस का? रक्त द्यायला तिन्ही गोष्टी जमायला हव्यात. वय आणि वजन आणि हिमोग्लोबिन.”

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी डहाळ्यात तोंड घातलं.

माईंनी त्याला लुईस कॅरल सांगितला. तो ॲलिसच्या गोष्टींचा लेखक, पोटापाण्याला गणिताचा मास्तर. त्याच्या १८८५ च्या एका पुस्तकात म्हाताऱ्या सैनिकांचं कोडं आहे. शंभरातल्या ७० जणांचा डोळा गेला, ७५ जणांचा कान, ८० जणांचा हात, ८५ जणांचा पाय. चारही गेलेले कमीत कमी किती? आपण गेलेल्यांकडे बघत बसतो. बघायचं शाबूत राहिलेल्यांकडे. डोळा शाबूत ३०, कान २५, हात २०, पाय १५. बेरीज ९०. हे सगळे वेगवेगळे सैनिक धरले, तरी ९० जणांचंच काहीतरी वाचलं. उरलेल्या दहांचं काहीच वाचलं नाही.

“आता तुझ्या कागदावर नापास किती बघ. वयात दहा, वजनात चार, हिमोग्लोबिनात बारा. बेरीज २६. या सगळ्या वेगवेगळ्या बायका निघाल्या तर ४० वजा २६, चौदाच उरल्या. म्हणजे चौदा ते अठ्ठावीस.”

“मधला घ्यायचा का मग? एकवीस?”

“गुणाकार करून एकोणीसच्या आसपास येतील, पण तो तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं धरून. आणि तो आहे. काटकुळ्या बायकांचंच हिमोग्लोबिन कमी निघायचं, साठी उलटलेल्यांचंही बहुतेक तसंच. नापास बायका त्याच त्याच निघाल्या तर तुझ्या बाटल्या वाढतील. फोड किती मोठी, हे बेरजांवरून कळत नाही रे. नावं हवीत.”

“मग नक्की आकडा कसा काढायचा?”

“वही घे आणि घरोघर फीर. वय विचार, वजन विचार.” माईंनी सोललेल्या हरभऱ्याचं ताट उचललं. “सुरुवात काकूंपासून कर. आणि वजन विचारताना फाटकाच्या बाहेरूनच विचार.”